अठ्ठावीस मिलिमीटर

आधी दस्त्याची टोपी काढ, इल्मो,
आणि दिवा इकडे धर.
खोक्यावर काय छापलंय ते नंतर वाचू.
वीस वर्षं कायानीच्या गिरणीत फळ्या मोजल्यात मी.
कागदावरची फळी आणि हातातली फळी
सख्ख्या बहिणी असल्या
तरी एका उंचीच्या नसतात.

कॅलिपरचे जबडे नळीत उघडले.
अठ्ठावीस.
पुन्हा, आडवं धरून : अठ्ठावीसला केसभर कमी.

तुला हवी ती अकरा पूर्णांक एक व्होल्टची,
यालमारीच्या भावाकडे आहे तसली,
घोडा दाबला की शिवणयंत्रासारखी धावणारी.
वीस रुंद, एकवीस जाड.
"दोन्ही अठ्ठावीसच्या आतच आहेत की, आई!"
आहेत.
पण नळी गोल आहे
आणि बॅटरी चौकोनी.
अडतात ते कोपरे अडतात, बाबा.
कर्ण काढ.
त्यानं पेन्सिल चावली,
वीजबिलाच्या पाकिटावर वर्ग केले, बेरीज केली, मूळ काढलं.
एकोणतीस.
मग बराच वेळ
नुसता फ्रीजचा आवाज.

"दाबून बसेल."
बसेल.
आणि तारा कुठे जातील?
त्यांनाही अंग टाकायला जागा लागते.
चिमटीत धरून सोलशील त्यांना,
मग एक वास येतो.
गोदामात एकदा घेतलाय मी तो,
अजून जळकं प्लास्टिक म्हटलं की
माझा हात दाराची कडी शोधतो.
शिवाय आतल्या चाकांचे दात बघ,
तुझ्या दुधाच्या दातांइतकेच पक्के.
अकरा व्होल्ट त्यांना झेपायचे नाहीत.

सात पूर्णांक चारची घे.
अठरा बाय वीस. कर्ण सत्तावीसला टेकत नाही,
तारांना मिलिमीटरभर अंगण उरतं.

आता क्षमता.
"दोन हजार! म्हणजे दिवसभर खेळता येईल."
तीन वर्षांनी एक पत्र येईल तुझ्या नावानं.
तिथे तुझी उंची मोजतील, छाती मोजतील, बुटाचा नंबर विचारतील,
आणि देतील त्या बंदुकीला
बॅटरी लागत नाही.
हे मी बोलले नाही.
बाराशे, म्हणाले. बाराशे पुरे.
दोन हजारची त्या नळीत मावत नाही, हे खरंच होतं.
मावली असती तर काय म्हणाले असते
ते मला विचारू नका.

शनिवारी उणे अकरा.
बॅटरी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेव, सांगितलं,
थंडीत तिला आपली ताकद आठवत नाही.
वर लोकरीचे मोजे, राखाडी, मीच विणलेले.
गाडीतून उतरताना तो
खिसा चाचपत गेला,
दातदुखी असल्यासारखा तिरका.

अंधार पडायच्या आधीच परतला.
नाक लाल, गुडघ्यांवर बर्फ.
"सकाळी नवालाच लागली. खांद्यावर.
ओसुमा ओरडलो, हात वर केला,
आणि तंबूत जाऊन सॉसेज खाल्लं."
मग दिवसभर?
"विल्याची बॅटरी गारठून मेली होती. माझी दिली तिला.
माझ्या पुढच्या दोन्ही फेऱ्या तीच खेळली."
तिच्या बंदुकीत बसली?
"तिचा दस्ता मोठा आहे. आत खुळखुळत होती."
मग?
त्यानं बूट काढले.
एका पायात मोजा होता.

मी बॅटरी चार्जरला लावली,
साठवणीच्या खुणेवर :
पूर्ण भरायची नाही, पूर्ण रिती ठेवायची नाही,
पत्र्याच्या डब्यात, उन्हाळ्याच्या कपड्यांपासून लांब.
उघडा पाय भट्टीजवळ धरून
तो पाकिटावर पुन्हा काहीतरी मांडत होता.
"आई, तिची नळी नाही, खोका आहे.
चाळीस बाय पंचवीस.
तिला कोणती बसेल?"

कॅलिपर खणातून काढून
मी त्याच्यासमोर ठेवला.
मोजून आण, म्हटलं.
कागदावरचं चालणार नाही.